आबांची बाटली: सतरा वर्षं कपाटात राहिलेली वाईन उघडली तेव्हा

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित अवतार. ज्यांना एसटीत इयरफोन सापडत नाही, किंवा घरी सगळ्यांसमोर ‘वाईन’ हा शब्द मोठ्यानं वाजलेला चालत नाही, त्यांच्यासाठी. बोललेलं जसंच्या तसं उतरवलं तर निम्मा मजकूर ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ यांनीच भरतो, म्हणून थोडं झाडून-पुसून घेतलंय.

आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात वाईन प्यायला कायद्यानं एकवीस वर्षं पूर्ण लागतात, आणि त्यासाठी परवाना असतो हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ‘रेड वाईन हृदयाला चांगली’ हे व्हॉट्सॲपवालं ज्ञान इथं मिळणार नाही. दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आम्ही चार जणांनी दोन बाटल्या चाखल्या, त्यातली एक जवळजवळ ओतूनच दिली, आणि रात्री कुणीही गाडीला हात लावला नाही. तर ऐका. म्हणजे, वाचा.

गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. मी दौंडचा. माझा एक कॉलेजचा मित्र शिरूर तालुक्यातला, न्हावऱ्याच्या अलीकडे त्यांची वस्ती. चौफुल्याहून केडगाव, पुढं पारगावला भीमा ओलांडली की तासाभरात पोचतो. दरवर्षी थंडीत त्यांच्याकडे हुरडा असतो. यंदा त्याचा फोन आला, ‘हुरड्याला या, आणि आबा म्हणतायत ती बाटली उघडा.’

ती बाटली आम्हाला कॉलेजपासून माहीत होती. लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फायलींशेजारी, उभी. कुणी हात लावायचा नाही. आबा म्हणजे मित्राचे वडील. गळ्यात तुळशीची माळ, पन्नास वर्षांची वारी. त्यांच्या घरात वाईनची बाटली कशी, हा प्रश्न पहिल्यांदा पडतोच.

तर, २००५ च्या सुमारास आबांनी दोन एकरांत वाईनची द्राक्षं लावली होती. शिराझ. त्या वेळी सगळीकडे तीच हवा होती. महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क आखले. कंपन्या गावोगाव करार करत फिरत होत्या. आबांनीही एका कंपनीशी करार केला. तिचं नाव घेत नाही, आणि पुढं रोटीच्या वायनरीचा उल्लेख येईल तिचा या कंपनीशी काही संबंध नाही, एवढं सांगतो. पहिली दोन पिकं नीट गेली. २००८ च्या हंगामातल्या मालाची वाईन तयार झाल्यावर कंपनीच्या माणसानं शेतकऱ्यांना एकेक बाटली भेट दिली. आबांनी ती घरी आणली, देवापुढं ठेवायची पंचाईत, म्हणून कपाटात ठेवली.

आणि २००९ च्या फेब्रुवारीत माल न्यायला गाडी आलीच नाही.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्यातल्या अनेकांना वाटतं द्राक्ष म्हणजे द्राक्ष, कंपनीनं नाही घेतलं तर मार्केट यार्डात विका. नाही विकता येत. आपण खातो ती थॉमसन वगैरे जात मोठ्या मण्याची, पातळ सालीची, बिनबियांची. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. वाईनला रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, त्यामुळं जितकं मणी बारीक तितकं रसाच्या मानानं साल जास्त. म्हणजे वाईनसाठी जे गुण, तेच बाजारात अवगुण. गिऱ्हाईक एकच, आणि त्यानं पाठ फिरवली तर वेलावर मनुका होण्यापलीकडे त्या द्राक्षाला भविष्य नाही.

कंपनीचा माणूस नंतर एकदा आला आणि म्हणाला, ‘माल कमी गोडीचा आहे, साखर बसत नाही.’ तेवढंच बोलून गेला. आबांनी त्या उन्हाळ्यात बाग काढली, तारा आणि लोखंडी अँगल विकले, ऊस लावला. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं. पंधरा-सोळा वर्षं. मित्र सांगत होता, घरात कधी विषय निघाला की आबांचा एकच प्रश्न: ‘आपल्या मालात खोट व्हती का?’ ते स्वतः पीत नाहीत, त्यामुळं स्वतःच्या द्राक्षांच्या वाईनचा एक थेंबही त्यांनी कधी चाखलेला नाही. आता वय झालं. म्हणून, बाटली उघडा आणि मला सांगा.

म्हणजे आम्ही हुरडा खायला नाही, पंच म्हणून चाललो होतो.

आमच्यात थोडं कळणारी एकच, आमची हडपसरची मैत्रीण. तिनं वाईनचा एक कोर्स केलाय आणि तिच्या घरी वाईनसाठी वेगळा छोटा फ्रिज आहे. तिला फोनवर सांगितलं: २००८ ची शिराझ, लोखंडी कपाट, उभी. पलीकडे शांतता. मग म्हणाली, ‘कपाट कुठल्या खोलीत?’ मी म्हटलं, ‘पत्र्याच्या.’ ती म्हणाली, ‘मी माझ्याकडची एक घेऊन येते. तुलना करायला काहीतरी हवं.’

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे जुनं म्हणजे चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जुना तांदूळ, मुरलेलं लोणचं, जुना गूळ औषधाला. त्यात सिनेमातले श्रीमंत लोक तळघरातून धूळ बसलेली बाटली काढतात. त्यामुळं भेट आलेली वाईन आपण ‘ठेवून’ देतो. खरं म्हणजे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक वाईन्स वर्षा-दोन वर्षांत प्यायच्या असतात. त्या तशाच बनवलेल्या असतात. मुरण्यासाठी अंगात काहीतरी लागतं: आंबटपणा, दाट रंग आणि भरपूर तुरटपणा. लोणच्याचंच घ्या ना. कैरी कडक असेल तर मुरते, पिकायला आलेली असेल तर बरणीत लगदा होतो.

या तुरटपणावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे. वाईनच्या पुस्तकांत टॅनिन म्हणजे काय हे समजावायला पानंच्या पानं खर्च होतात. आपल्याला एक शब्द पुरतो, तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जी खरबरीत होते, कच्च्या सुपारीनं गाल आतून ओढले जातात, तेच. आयुर्वेदानं त्याला सहा रसांपैकी एक, कषाय, म्हणून वेगळी खुर्चीच दिलीये. आजचं शास्त्र म्हणतं ही चवीपेक्षा स्पर्शाची गोष्ट जास्त आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ तोंडातच घासायला लागते.

ताज्या रेड वाईनमध्ये हे टॅनिन आणि सालीतला रंग सुटे सुटे असतात. वर्षांमागून वर्षं गेली की ते हळूहळू एकमेकांना धरतात, साखळ्या लांब होतात, आणि फार जड झाल्या की तळाला बसतात. जुन्या बाटलीतला गाळ म्हणजे मुख्यतः हाच. तुरटपणाची धार जाते, उरतो तो मऊ असतो. रंग जांभळ्याचा विटकरी व्हायला लागतो. वास ताज्या फळांकडून सुक्या फळांकडे, मग चामडं, तंबाखू, ओल्या मातीकडे जातो. हे सगळं व्हायला थोडीशी हवा लागते, बुचातून झिरपेल एवढी, आणि वेळ लागतो. आणि थंडावा. बारा ते पंधरा अंश, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं.

आता हे गणित आमच्या भागात मांडा. दौंड-शिरूरला एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या वर पारा सहज जातो. पत्र्याच्या खोलीत लोखंडी कपाट म्हणजे दुपारी मंद आचेवरचा कुकरच. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. वरून आणखी एक खोडी. दिवसा वाईन तापून फुगते, बुचावर दाब देते. रात्री थंड होऊन आक्रसते आणि बाहेरची हवा आत ओढते. रोज. बाटली श्वास घेत राहते म्हणा ना. उभ्या बाटलीचं बूच सुकतं ते वेगळंच. बूच म्हणजे शेवटी झाडाची सालच, पोर्तुगालकडच्या बूचवृक्षाची. फ्रान्समधल्या तळघराला ते पुरतं. आमच्या उन्हाळ्याला त्याचा काय इलाज?

एवढं सगळं हडपसरकर बाईंनी मला गाडीत सांगितलं, आणि पारगावच्या पुलावर म्हणाली, ‘आबांना काय सांगायचं, ते आत्ताच ठरवा.’

मागच्या सीटवर आमचा रेल्वेतला मित्र होता, त्याला आम्ही गार्डसाहेब म्हणतो. तो म्हणाला, ‘छान आहे म्हणायचं. म्हातारा माणूस, काय बिघडतं?’ मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. आबा स्वतः आगटीशी बसलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसत. आता आबांसमोर ग्लास हातात धरायचा कसा, हा वेगळाच प्रॉब्लेम. वर्षानुवर्षं ज्यांच्या पाया पडलो त्यांच्यासमोर! त्यांनीच सोडवला. म्हणाले, ‘आरं, तुम्ही काय चोरून पिताय व्हय? मीच बोलावलंय. तिकडं वट्यावर बसा, हितं धुराचा वास लागंल.’ वाईन न पिणाऱ्या माणसानं टेस्टिंगचा पहिला नियम सांगितला! अत्तर, उदबत्ती, धूर जवळ नको. चव म्हणून आपण जे समजतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. सर्दीत जेवण सपक लागतं ते त्यामुळंच.

आधी मैत्रिणीची बाटली. ती आमच्या दौंड तालुक्यातलीच, रोटीच्या फोर सीझन्स वायनरीची शिराझ, २०१६ सालची. पाटसहून बारामतीकडे जाताना रोटीचा घाट लागतो. तुकोबांची पालखी याच घाटातून जाते आणि रथाला जादा बैलजोड्या लावतात, ते तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. त्याच रोटीच्या माळावर मल्ल्यांच्या यूबी समूहानं ही वायनरी उभारली, नंतर मालक बदलले. आसपास कुसळं आणि मुरूम, आणि मधेच एखाद्या फ्रेंच वाड्यासारखी इमारत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं कुणीतरी सिनेमाचा सेट काढायचा विसरलंय. मैत्रिणीनं ही बाटली २०१८ मध्ये तिथून आणली आणि तेव्हापासून फ्रिजमध्ये चौदा अंशांवर आडवी ठेवली होती. गळ्याला हात लावून आबा म्हणाले, ‘रोटीची? त्या घाटानं मी पन्नास वेळा गेलोय.’

तिनं दोन्ही बाटल्या आल्या-आल्या उभ्या करून ठेवल्या होत्या. गाळ खाली बसायला खरं तर एक दिवस लागतो, आमच्याकडे दोन तास होते. मग तापमान. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला’ असं सगळे सांगतात, पण ती रूम जुन्या काळच्या थंड युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. जानेवारीतली आमची ओसरी त्या दिवशी बरोबर तशीच होती. उन्हाळ्यात मात्र बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवायचं, आपल्या आज्या पाण्याच्या तांब्याला करायच्या तसं.

[बूच निघाल्याचा आवाज. हा रोटीच्या बाटलीचा.]

काचेचे साधे पाण्याचे ग्लास, तळाला दोन बोटं वाईन, बस. ग्लास पांढऱ्या टॉवेलसमोर तिरका धरला. मध्ये गडद, कडेला विटेसारखी झाक. मग गोल फिरवून नाक आत.

आणि इथं सगळे गप्प होतात, कारण काय म्हणायचं कळत नाही. मैत्रीण कोर्समधलं बोलायला लागली, ब्लॅकबेरी, प्लम, सीडर. आमच्यापैकी कुणी ब्लॅकबेरी आयुष्यात खाल्लेली नाही. मित्राच्या बायकोनं, वहिनींनी, नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, ‘वाळलेली करवंदं. आणि सासऱ्यांच्या जुन्या चपलेचा वास.’ आम्ही हसलो, पण मैत्रीण ताडकन वळली. ‘चामडं! अगदी बरोबर. वहिनी, हे सांगायला लोक फी घेतात.’ मग सगळ्यांची तोंडं उघडली. गार्डसाहेबाला पानाच्या डब्यातला काथ आठवला. मला भिजवलेली चिंच. तोंडात घेतल्यावर तुरटपणा होता, पण जांभळाचा नाही, चांगल्या उकळलेल्या बिनदुधाच्या चहाचा. गिळल्यावर बराच वेळ काहीतरी मागं राहिलं. नऊ वर्षांची, आमच्याच मुरमातली, नीट झोपवून ठेवलेली वाईन. मला वाटत नाही त्याआधी मी कधी लक्ष देऊन काही प्यायलोय.

एक गंमत सांगतो. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली, आणि तीच वाईन बिनवासाचा लाल रंग घालूनही दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन करताना पोरांनी रेड वाईनचेच शब्द वापरले. डोळ्यांनी नाकाला फसवलं. त्यामुळं कुणी तुमच्यासमोर सीडर-बिडर फेकायला लागलं तर दबून जाऊ नका. वहिनींसारखं आपल्या घरातलं आठवा.

हुरड्याबरोबर वाईन छान जाते, हा त्या दिवशीचा माझा स्वतःचा शोध. हुरडा गोडसर, सौम्य. शेंगदाण्याच्या चटणीनं मात्र घोटाळा केला, कारण तिखटावर वाईनमधली दारू आणखी आग लावते.

मग आबांची बाटली.

आबा आगटी सोडून ओट्यावर येऊन बसले. बुचाला स्क्रू लावला आणि दुसऱ्याच फेऱ्याला ते मध्येच तुटलं. [भागात जो ‘कट्ट’ आवाज आणि त्यानंतर माझी शिवी बीप केलेली आहे, ती हीच जागा.] जुन्या बुचांसाठी दोन पात्यांचा वेगळा चिमटा मिळतो, बूच मध्ये न भोसकता कडेनं धरणारा. तो आमच्याकडे नव्हता. उरलेलं बूच आत ढकललं, आणि वहिनींची स्वच्छ धुतलेली चहाची गाळणी घेऊन वाईन काचेच्या जगमध्ये ओतली. हळू, बाटलीच्या मानेमागं मोबाईलचा टॉर्च धरून. गाळाची रेघ मानेशी आली की थांबायचं. मोबाईलचा यापेक्षा चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

रंगच बोलला. चहाचा रंग, तोही कोरा. मैत्रिणीनं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी घेतला. काकवी, करपलेला मनुका, आणि मागं शिळ्या शेंगदाण्यांचा वास. व्हिनेगर झालेलं नव्हतं, विषारी वगैरे काही नव्हतं. नुसतं सपाट. फळ नाही, धार नाही, जीभ शोधत राहते आणि काही सापडत नाही.

आबा म्हणाले, ‘बोला.’

गार्डसाहेबानं तोंड उघडलं, ‘आबा, एक नंबर...’ आणि आबांनी हात वर केला. म्हणाले, ‘तुझं तोंड बघितलं मी. दे इकडं.’ प्यायचं नव्हतंच त्यांना. दोन्ही ग्लास घेतले, आधी रोटीचा, मग स्वतःचा, आलटून-पालटून नाकाशी धरले. चांगला मिनिटभर. आयुष्यभर गुऱ्हाळ पाहिलेला माणूस. म्हणाले, ‘ह्यो पाक पुढं गेलाय.’

पाक पुढं जाणं, म्हणजे काहिलीत रस जास्त तापून गुळाची चव बिघडणं. आम्ही तासभर ज्या रसायनशास्त्राची तयारी करून आलो होतो, ते चार शब्दांत संपलं. मैत्रीण म्हणाली, ‘हो आबा. कपाटात तापली. द्राक्षानं नाही, उन्हानं गेली.’

‘म्हंजी खोट कळणार न्हाई आता.’

मला वाटलं, संपलं. पण तिनं बाटली फिरवली आणि लेबलचा खालचा कोपरा दाखवला. तिथं दारूचं प्रमाण छापलेलं होतं, १३ टक्के. आणि मग तिनं जे समजावलं ते मला या सगळ्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वाईनमधली दारू येते ती द्राक्षातल्या साखरेतून. यीस्ट साखर खातं, दारू आणि कार्बन डायऑक्साइड देतं. द्राक्षाची गोडी शेतकरी ब्रिक्समध्ये मोजतात, दुर्बिणीसारखं छोटं यंत्र असतं, त्यावर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. एका ब्रिक्समागं ढोबळमानानं अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त दारू बनते, ०.५५ ते ०.६. म्हणजे १३ टक्क्यांसाठी द्राक्ष साधारण बावीस-तेवीस ब्रिक्सचं असायला हवं. वाईनच्या द्राक्षाला तेवढी गोडी पुरेशी असते. चव मेली तरी हा आकडा मरत नाही, कागदावर छापलेला असतो.

आबा उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते एक लाल डायरी घेऊन, फवारण्या आणि मजुरीच्या नोंदींची. २००८, फेब्रुवारी: साडेबावीस. आणि पान उलटून २००९, फेब्रुवारी: तेवीस. पुढच्या ओळीत, ‘गाडी नाही.’

आता मी प्रामाणिकपणे सांगतो, हा कोर्टातला पुरावा नाही. बाटलीत एकाच शेतातला माल नसतो, टाकीत अनेकांचा मिसळतो. लेबलवरच्या आकड्याला थोडी मागं-पुढं सूट असते. आणि बाटली २००८ ची, तक्रार २००९ ची. मैत्रिणीनंही आबांना हे सगळं सांगितलं, लपवलं नाही. पण दुसरी बाजू बघा. २००८ च्या उत्तरार्धात जगभर मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक आटले, मोठी हॉटेलं ओस पडली, आणि आपल्या वाईनचं मोठं गिऱ्हाईक तीच. राज्यातल्या कित्येक वायनऱ्यांच्या टाक्या आधीच्या हंगामाच्या वाईननं भरलेल्या होत्या, नव्या मालाला जागा नव्हती. नाशिकपासून सगळीकडे शेतकऱ्यांचा वाईनचा माल पडून राहिला, बागा निघाल्या. सगळ्यांचीच साखर एकाच वर्षी कशी कमी होईल?

मी हे आबांना सांगितलं. मुंबईचा हल्ला आणि आपली बाग यांचा संबंध त्यांनी कधी जोडला नव्हता. बराच वेळ ते निखाऱ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, ‘तसं सांगायचं ना मग. टाकी भरली म्हणायचं. मालाला कशाला नाव ठेवायचं?’

माझ्या मित्राचा आवाज या जागेनंतर रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ नाही. तो कणसं आणायला गेला होता, असं त्याचं म्हणणं.

बऱ्याच जणांनी इन्स्टावर विचारलंय, ‘आमच्याकडे पण अशीच एक बाटली पडून आहे, काय करू?’ आपल्या हवामानात, एसी किंवा वाईनचा फ्रिज नसेल, तर ठेवू नका. साध्या फ्रिजमध्ये काही महिने चालेल, पण वर्षानुवर्षं नाही, कारण तिथली हवा कोरडी असते आणि बूच सुकतं. फ्रिजवर, गॅसच्या ओट्याजवळ, खिडकीत तर मुळीच नको. स्क्रूचं झाकण असलं तरी उष्णता आत जातेच. बूच बाटलीच्या तोंडातून वर आलेलं दिसलं, किंवा बाजूनं चिकट ओघळ दिसला, तर समजा ती तापलीये. आणि खास दिवसाची वाट बघत असाल, तर हुरड्याची रात्र बघा एखादी.

रोटीची बाटली आम्ही चौघांनी संपवली, वहिनींचे दोन घोट धरून. दुसरी, गाळासकट, आबांनी लिंबाच्या बुडाशी ओतली. ओतताना माझी वही पुढं झाली, तसे म्हणाले, ‘हे पण लिही, झाड जळलं तर तुमच्या पॉडकास्टवर केस.’ लिंबू अजून ठीक आहे, मागच्या आठवड्यात मित्राला विचारलं.

रिकामी बाटली मी भंगारात टाकायला उचलली होती. आबांनी काढून घेतली, नळावर धुतली, लेबलवर पाणी जाणार नाही अशा बेतानं. मग पुन्हा कपाटात, लाल डायरीशेजारी. मैत्रीण सवयीनं म्हणाली, ‘आबा, आडवी ठेवा.’

‘आता कशाला?’ आबा म्हणाले, आणि उभीच ठेवली.